सरकारी कामावरचा लेबर पगार : बिल अडकायच्या आधी हे वाचा

टीएमसी (ठाणे महापालिका), एनएमएमसी (नवी मुंबई महापालिका), सिडको नाहीतर रेल्वेचं काम घेतलेल्या, आणि ज्यांच्या पगाराचे कागद आम्ही बघतो त्या आपल्या कॉन्ट्रॅक्टर मंडळींसाठी हे पान काढलंय, कारण प्रश्न दर महिन्याला तेच असतात आणि फोनवर सांगितलेलं कोणाच्या लक्षात राहत नाही.

रेट किती धरायचा? आधी काम कोणाचं ते बघा. रेल्वे, जेएनपीए (न्हावा-शेवा बंदर), सीपीडब्ल्यूडी (केंद्राचं बांधकाम खातं) असेल तर केंद्राचं किमान वेतन, महापालिका, सिडको, राज्याचं पीडब्ल्यूडी असेल तर राज्याचं, आणि टेंडरमध्ये जास्तीचा रेट लिहिला असेल तर तो. केंद्राचा महागाई भत्ता १ एप्रिल आणि १ ऑक्टोबरला बदलतो, राज्याचा विशेष भत्ता १ जानेवारी आणि १ जुलैला, म्हणजे वर्षभराच्या कामात रेट मध्येच वाढणार हे धरूनच टेंडर भरा. एस्टिमेटमधला मजुरीचा दर एसएसआरचा, म्हणजे सरकारी दरसूचीचा असतो, त्यावर पगार काढू नका, "इंजिनियरनेच हा रेट धरलाय" हे तपासणीला आलेला माणूस ऐकून घेत नाही.

आणि सगळ्यांना बिगारी, म्हणजे अकुशल, दाखवायची सवय सोडा. सुतार, गवंडी, सळई बांधणारा फिटर हे कुशलमध्ये येतात. साइटवर तो खांबाची सळई बांधतोय आणि मस्टरवर (हजेरीपटावर) बिगारी, हे बघणाऱ्याला दोन मिनिटात कळतं.

आता उचल. सगळ्यात जास्त बिलं इथेच अडकतात. हिशोबच बघा, ऑक्टोबर २०२४ मध्ये केंद्राचा ए एरियाचा (मोठ्या शहरांचा) बांधकामातला अकुशल दर होता दिवसाला ७८३ रुपये. २६ दिवसांचे झाले २०,३५८. पीएफचे १,८०० आणि प्रोफेशनल टॅक्सचे २०० गेले, हातात १८,३५८. पण पोराने दर शनिवारी दीड हजार करत महिन्यात ६,००० रोख उचललेत, म्हणून तुम्ही बँकेत टाकले १२,३५८. तुमच्या मते चोख हिशोब, पण कागदावर तुम्ही त्याला किमान वेतनापेक्षा ६,००० कमी दिलेत कारण उचलीच्या वहीवर ना सही ना अंगठा. उचलसुद्धा बँकेतूनच द्या, अगदी शनिवारचे पाचशे असले तरी, आणि वेतनपत्रकात उचलीचा कॉलम भरा. आमच्या एका क्लायंटचं घणसोलीच्या नाल्याच्या कामाचं आरए बिल (चालू कामाचं बिल) असंच अडीच महिने पडून होतं, शेवटी चौदा माणसं शोधून सह्या घेतल्या, त्यातले तिघे तोवर गावी गेलेले.

मुकादमाला उक्ते पैसे देऊन "तो बघेल" म्हणणं पण तसलंच. मुकादमाने पगार बुडवला तर मागणी तुमच्याकडे येते, आणि तुम्ही नाही दिला तर काम देणारं ऑफिस तो कामगाराला देऊन तुमच्या बिलातून कापू शकतं.

स्लॅबच्या दिवशी रात्री अकरापर्यंत माणसं थांबतात तो ओव्हरटाइम, दुप्पट दराने. वडापाव आणि रिक्षाभाडं दिलं म्हणजे ओव्हरटाइम दिला असं होत नाही.

बिलातून १ टक्का सेस कापतात तो बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळाला जातो, त्याचा पगाराशी संबंध नाही. कामगाराला मंडळात नोंदणीसाठी ९० दिवस काम केल्याचा दाखला लागतो, तो मागायला आला तर द्या, त्यात तुमचं काही जात नाही.

वेतन संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालीय. कमी पगार दिला तर पहिल्या वेळी ५०,००० पर्यंत दंड, शिवाय कामगाराने दावा केला तर फरकाची रक्कम आणि वर दहा पटीपर्यंत भरपाई. दावा तीन वर्षांपर्यंत करता येतो, तेव्हा काम संपलं की मस्टर रद्दीत घालू नका.

महिन्याचा पगार पुढच्या महिन्याच्या ७ तारखेच्या आत जायला हवा, म्हणून आम्हाला मस्टर ३ तारखेपर्यंत पाठवा. व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो चालेल पण पान सपाट ठेवून उजेडात काढा, मागच्या महिन्यात एका फोटोत निम्मी हजेरी कटिंगच्या ग्लासाखाली गेली होती.