गोटफिश

उष्ण कटिबंधातील प्रवाळभित्तींलगतच्या वाळूत अन्न शोधणारा समुद्री मासा. म्युलिडी कुलात याच्या ६ प्रजाती व सुमारे १०० जाती आहेत. भूमध्य समुद्रासारख्या थोड्या थंड पाण्यातही काही जाती राहतात. शरीर लांबट, खवले मोठे, पाठीवरचे दोन पर एकमेकांपासून सुटे आणि शेपटी दुभंगलेली असते.

याची खरी ओळख म्हणजे हनुवटीखालच्या दोन लांब मिशा. त्यांवर रुचिकलिका असतात, त्यामुळे स्पर्श आणि चव दोन्ही एकदमच कळतात. प्रत्येक मिशी स्वतंत्रपणे हलते. वाळू चाचपताना आत कृमी, लहान कोळंबी किंवा शिंपला लागला की मासा तोंड खुपसून तो उकरतो. भक्ष्याबरोबर तोंडात आलेली वाळू कल्ल्यांवाटे बाहेर पडते. पोहताना मिशा हनुवटीखाली घडी करून ठेवलेल्या असतात, म्हणून दुरून पाहणाऱ्याला त्या दिसतही नाहीत.

या उकराउकरीत गढूळलेल्या पाण्यातून सुटलेले जीव टिपायला इतर मासे गोटफिशच्या मागे लागतात. त्यांचे आयतेच फावते. गोटफिशला त्यातून काही मिळत असल्याचे फारसे दिसत नाही.

पॅरुपेनियस सायक्लोस्टोमस ही जाती मात्र निराळी. ती मुख्यतः लहान मासे खाते आणि प्रवाळांच्या फटींत मिशा घालून त्यांना बाहेर हुसकावते. लाल समुद्रात हे मासे गटाने शिकार करताना आढळले आहेत: एक जण भक्ष्याचा पाठलाग करतो, बाकीचे प्रवाळाभोवती पसरून पळवाटा अडवतात. कामांची अशी विभागणी माशांमध्ये विरळाच.

काही जाती दिवसा थव्याने विसावतात आणि रात्री वाळूवर चरायला पांगतात. रंगही बदलतो: दिवसा फिकट दिसणाऱ्या अनेक जातींच्या अंगावर रात्री लाल डाग उमटतात.

अंडी पाण्यात तरंगतात. पिल्लेही सुरुवातीला खुल्या समुद्रात, पृष्ठभागाजवळ वाढतात. त्या वेळी ती रुपेरी-निळसर असतात. बरीच मोठी झाल्यावरच ती किनाऱ्याकडे येऊन तळाशी स्थिरावतात.

मांस चविष्ट असल्याने गोटफिशची सर्वत्र मासेमारी होते. प्राचीन रोमन धनिक तर भूमध्य समुद्रातील जातींसाठी वाटेल ती किंमत मोजत. हवाई बेटांवर मात्र काही जाती, विशेषतः त्यांची डोकी, खाल्ल्यावर भास होणे व भयानक स्वप्ने पडणे अशा विषबाधेच्या नोंदी आहेत.