खडा हाताला शोभतो म्हणजे डोळ्याला नेमकं काय दिसतं?

एकच अंगठी दोन मैत्रिणींनी आळीपाळीने घालून बघितली तर एकीच्या हातावर खडा एकदम उठून दिसतो आणि दुसरीच्या हातावर तोच खडा काळपट, निर्जीव वाटतो, हे बहुतेकांनी पाहिलेलं असतं. मग कुणी म्हणतं तुझा रंग सावळा आहे म्हणून, कुणी म्हणतं बोटं आखूड आहेत म्हणून, आणि शेवटी "तुला नाही शोभत" असं म्हणून विषय संपतो. मला हे वाक्यच पटत नाही. खडा तर तोच होता, दोन मिनिटांत त्याच्यात काही बदल झाला नाही, बदललं ते त्याच्या आजूबाजूचं. प्रकाश, त्वचा आणि आपला मेंदू या तिघांनी मिळून ठरवलेली गोष्ट आहे ही, आणि ती एकदा कळली की लक्षात येतं की प्रत्येक हाताला कुठला ना कुठला रंगीत खडा सुरेख दिसतोच, फक्त कुठला, केवढा आणि कशात बसवलेला एवढं बघावं लागतं.

आधी त्वचेचं बघू. आपल्या त्वचेचा रंग मुख्यतः दोन गोष्टींवर ठरतो, एक मेलॅनिन, जे तपकिरी छटा देतं, आणि दुसरं रक्तातलं हिमोग्लोबिन, जे लाली देतं. थोडीशी पिवळसर झाक कॅरोटीनची. जगातल्या सगळ्या माणसांची त्वचा घेतली, अगदी दुधाळ गोऱ्यापासून गडद काळ्यापर्यंत, तरी रंग म्हणून ती सगळी लाल आणि पिवळ्याच्या मधल्या एका छोट्याशा पट्ट्यात, म्हणजे केशरीच्या आसपासच बसते. निळी किंवा हिरवी त्वचा कुणाची नसते. माणसामाणसांत खूप फरक पडतो तो उजळपणात, म्हणजे त्वचा किती प्रकाश परत पाठवते यात. त्यामुळे खडा निवडताना "माझी त्वचा वॉर्म की कूल", म्हणजे पिवळसर झाकेची की गुलाबी-निळसर झाकेची, यावर डोकं खाजवत बसण्यापेक्षा खडा माझ्या हातापेक्षा किती उजळ किंवा किती गडद आहे हा प्रश्न जास्त कामाचा आहे, असं माझं स्पष्ट मत आहे.

आता मेंदूचं. मिशेल यूजीन शेव्रल नावाचे फ्रेंच केमिस्ट पॅरिसच्या गोबेलिन्स या प्रसिद्ध कापड विणण्याच्या कारखान्यात रंगविभागाचे प्रमुख होते. तिथल्या काळ्या रंगाबद्दल तक्रारी यायच्या की तो फिका पडतोय, त्याला जोर नाही. शेव्रल यांनी शोधल्यावर कळलं की रंगात दोष नाहीच, शेजारी निळे-जांभळे धागे विणले की काळा तसा दिसतो. यावर त्यांनी 1839 मध्ये मोठं पुस्तक लिहिलं. सांगायचा मुद्दा असा की आपला डोळा कुठलाही रंग एकटा बघतच नाही, शेजारच्याशी तुलना करून बघतो. गडद गोष्टीशेजारी मधला रंग उजळ दिसतो, उजळ गोष्टीशेजारी तोच गडद दिसतो, आणि प्रत्येक रंग शेजाऱ्याला आपल्या विरुद्ध रंगाकडे ढकलतो.

बऱ्याच ठिकाणी इथे एक गोष्ट उलटी सांगितली जाते. म्हणतात की हिरवा खडा घातला की हात गुलाबी दिसतो, लाल घातला की हात पिवळट दिसतो वगैरे. तत्त्व म्हणून बरोबर आहे, पण अंगठीतला खडा असतो काही मिलिमीटरचा आणि भोवती अख्खा हात असतो, आणि हा परिणाम नेहमी मोठ्या भागाकडून छोट्या भागावर जास्त होतो. म्हणजे खडा हाताचा रंग बदलतो त्यापेक्षा हातच खड्याचा रंग जास्त बदलतो! खड्याने हात बदललेला बघायचा असेल तर रुंद ब्रेसलेट किंवा मण्यांच्या दोन-तीन माळा मनगटावर घालून बघा, तिथे रंगाचं क्षेत्रफळ मोठं असतं आणि फरक जाणवू शकतो.

एवढं कळलं की निवड बरीच सोपी होते. हात गडद असेल तर खडा आहे त्यापेक्षा उजळ वाटणार, म्हणून पिवळा पुष्कराज, सिट्रिन, केशरी गार्नेट, आकाशी अ‍ॅक्वामरीन, फिरोजा, मोती, ओपल ही सगळी मंडळी गडद हातावर अक्षरशः पेटून उठतात, गोऱ्या हातावर त्यांना ती मजा येत नाही. उलट अगदी गडद नीलम किंवा काळपट लाल गार्नेट गडद हातावर थोड्या अंतरावरून काळाच दिसू शकतो, तिथे मध्यम छटेचा, आतून प्रकाश खेळणारा खडा घ्यावा. गोऱ्या हातावर खडा आहे त्यापेक्षा गडद वाटतो, म्हणून तिथे दाट रंगाचे पाचू, माणिक, नीलम ठळक उठतात, पण फिका पीच रंगाचा मॉर्गनाइट किंवा फिकट शॅम्पेन रंगाचे खडे त्वचेच्या रंगात विरघळून जातात. कुणाला तेच नाजूक, न दिसणारं आवडतं, तेही छान आहे, फक्त माहीत असून घ्यावं. मधल्या गव्हाळ रंगाच्या हातांना दोन्ही बाजूंना जागा मिळते, पण मधाच्या किंवा तपकिरी छटेचे खडे मात्र त्यांनी हातावर ठेवूनच बघावेत. आणि निळा, निळसर हिरवा हे रंग सगळ्यांनाच जमतात, कारण त्वचा केशरीकडची आणि केशरीच्या समोरचा रंग निळा, त्यामुळे तिथे रंगाचा फरकच सगळ्यात मोठा मिळतो.

मनगटावरच्या शिरा निळ्या दिसतात की हिरव्या यावरून तुमचा अंडरटोन, म्हणजे त्वचेची वॉर्म किंवा कूल झाक, ठरवा ही टेस्ट तर तुम्ही कुठेतरी वाचलीच असेल. शिरेतलं रक्त निळंही नसतं आणि हिरवंही नसतं, ते गडद लाल असतं. लाल प्रकाश त्वचेत खोल जातो आणि तिथे शिरेतलं रक्त त्याचा काही भाग गिळतं, निळा प्रकाश मात्र वरच्या थरातूनच परत येतो, म्हणून शिरेच्या जागी आजूबाजूपेक्षा लाल कमी पडतो आणि मेंदू त्याला निळं म्हणतो. शीर किती खोल आहे, किती जाड आहे, खोलीत दिवा कुठला आहे यावर हे बदलतं. अशा टेस्टवर दागिन्याचे पैसे घालू नयेत. दुसरं म्हणजे लोक आरशात चेहरा बघून खडा ठरवतात, पण हाताच्या पाठीवर ऊन जास्त पडतं, तिचा रंग बहुधा चेहऱ्यापेक्षा वेगळा असतो. खडा हातावर घालायचा तर हातच बघा, आणि हात डोळ्यासमोर धरून नाही तर पूर्ण लांब करून, कारण बाकीचे लोक तो तेवढ्या अंतरावरूनच बघणार आहेत.

खडा आणि त्वचेच्या मध्ये धातू असतो हे विसरायचं नाही. सोनं निळा प्रकाश शोषतं म्हणून पिवळं दिसतं, आणि ती पिवळी झाक पारदर्शक फिक्या खड्यात आतून शिरते, त्यामुळे फिकट आकाशी खडा पिवळ्या सोन्यात थोडा हिरवट वाटू शकतो. पांढऱ्या धातूत तो जास्त स्वच्छ दिसतो. माणिक, पाचू, पुष्कराज यांना पिवळं सोनं उबदार आधार देतं. आणि खड्याचा रंग त्वचेशी फार जुळत असेल तर भोवती धातूची बारीक कड किंवा छोट्या हिऱ्यांची रांग घेतली की दोघांमध्ये सीमा आखली जाते आणि खडा सुटा दिसायला लागतो. एक आरोग्याची गोष्ट, अंगठीखाली खाज आणि लाल चट्टे येत असतील तर बहुतेक वेळा खड्याचा काही संबंध नसतो, धातूत मिसळलेलं निकेल हे त्याचं एक नेहमीचं कारण आहे, मग निकेल-फ्री धातू घ्यावा. बोट नुसतं हिरवं पडत असेल तर ते तांब्यामुळे, ते धुतलं की जातं.

आता प्रकाश, माझा सगळ्यात आवडता भाग. माणिक म्हणजे कोरंडम, अ‍ॅल्युमिनियम ऑक्साइड, शुद्ध असेल तर रंगहीन. त्यात अगदी थोडं क्रोमियम घुसलं की ते लाल होतं. पाचू म्हणजे बेरिल नावाचं दुसरंच खनिज, त्यातही बहुधा तेच क्रोमियम असतं, पण तिथे ते हिरवा रंग देतं! अणू तोच, फक्त त्याच्याभोवतीच्या अणूंची मांडणी जराशी वेगळी, तेवढ्यानेच कुठला प्रकाश गिळायचा आणि कुठला सोडायचा हे बदलतं. आणि या दोघांच्या मधोमध एक खडा आहे, अलेक्झांड्राइट, 1830 च्या दशकात रशियाच्या उरल पर्वतात सापडलेला, तो दिवसाच्या उजेडात हिरवट आणि जुन्या पिवळ्या बल्बखाली लालसर दिसतो. त्याच्यात हिरव्या आणि लाल दोन्हींना जवळपास सारखी वाट मिळते, मग ज्या रंगाचा प्रकाश जास्त येईल तो जिंकतो. माणकाची अजून एक कमाल, ते प्रकाश नुसता गाळत नाही, निळा-हिरवा आणि अल्ट्राव्हायोलेट प्रकाश पिऊन स्वतः लाल प्रकाश सोडतं, म्हणून कमी लोह असलेलं माणिक उन्हात आतून निखाऱ्यागत दिसतं. 1960 मध्ये थिओडोर मेमन यांनी जगातला पहिला लेझर बनवला तो कृत्रिम माणकाच्या याच गुणावर, 694 नॅनोमीटरचा लाल प्रकाश. नीलमाचा निळा मात्र लोह आणि टायटॅनियम या जोडीमुळे येतो, एकाचा इलेक्ट्रॉन दुसऱ्याकडे उडी मारतो आणि त्या उडीत पिवळा-लाल प्रकाश खर्च होतो.

हे सगळं सांगायचं कारण, दुकानातले स्पॉटलाइट तुमच्या रोजच्या आयुष्यात नसतात. पिवळट उजेडात माणिक, गार्नेट खुलतात आणि नीलम, अ‍ॅमेथिस्ट मंद होऊ शकतात, दिवसाच्या उजेडात नीलम खुलतो, आणि स्वस्त एलईडीमध्ये गडद लाल प्रकाश कमी असला तर माणिकसुद्धा विटल्यासारखं दिसतं. म्हणून घ्यायच्या आधी दारापाशी किंवा खिडकीशी जाऊन, थेट उन्हात नव्हे तर सावलीतल्या दिवसाच्या उजेडात बघा, आणि जिथे ती अंगठी जास्त घालणार, म्हणजे ऑफिसचा दिवा की संध्याकाळचे कार्यक्रम, तसल्या उजेडातही बघा. हात गार पडलेला असताना बघू नका, थंडीत बोटांतल्या रक्तवाहिन्या आकसतात, लाली कमी होते आणि रंगही वेगळा दिसतो.

अंगठीच्या मापाचंही तसंच, तिथेही रक्तवाहिन्याच. गरम झालं की बोटांतल्या रक्तवाहिन्या उघडतात, बोट फुगतं, गारठ्यात बारीक होतं, मीठ जास्त खाल्लं, लांबचा प्रवास झाला तरी फरक पडतो, म्हणून माप एकदाच घेऊन थांबू नये, दिवसाच्या वेगवेगळ्या वेळी हात नेहमीसारखा असताना घ्यावं. रुंद पट्टीची अंगठी त्याच मापात घट्ट बसते, तिला जरा मोकळं माप लागतं. पेर जाड आणि मूळ बारीक असं बोट असेल आणि खडा उंच बसवलेला असेल तर वजन वर राहून अंगठी सारखी फिरते, तिथे खाली बसलेला खडा घेणं हाच उपाय. आकाराचं थोडक्यात सांगते, बोटाच्या दिशेने उभा बसवलेला ओव्हल किंवा मार्क्विझ (दोन्ही टोकांना निमुळता) खडा बोट लांब दाखवतो, आडवा बसवलेला रुंद. खडा अख्खं बोट झाकत असेल तर बोट दिसतच नाही, दोन्ही कडांना जराशी त्वचा दिसली की प्रमाण बरं वाटतं.

शोभण्याइतकाच महत्त्वाचा प्रश्न म्हणजे तुमचे हात दिवसभर काय करतात. फ्रीड्रिश मोह्ज यांनी 1812 मध्ये कठीणपणाची 1 ते 10 अशी उतरंड मांडली, हिरा 10, माणिक-नीलम 9, पुष्कराज नावाने विकला जाणारा टोपाझ 8, क्वार्ट्झ 7. साध्या धुळीत क्वार्ट्झचे कण असतात, म्हणजे 7 पेक्षा मऊ खडा नुसती धूळ पुसतानाही हळूहळू ओरखडत जातो. ओपल 5.5 ते 6.5, फिरोजा 5 ते 6, पोवळं आणि मोती 3 च्या आसपास, त्यामुळे रोज भांडी, माती, जिमचे डंबेल्स हाताळणाऱ्याने हे अंगठीत नाही तर कानात किंवा गळ्यात घालावेत, तिथे ते वर्षानुवर्षं टिकतात. पण कठीण म्हणजे न फुटणारा असं नाही! टोपाझला एका दिशेत सहज दुभंगायची सवय असते, कडक ओट्यावर नेमका आपटला तर फुटू शकतो, तर नेफ्राइट जेड मऊ असूनही फार चिवट, कारण त्यात बारीक तंतू एकमेकांत गुंतलेले असतात. कामाच्या हातांनी खड्याला चारी बाजूंनी धातूची कड असलेलं बंद कोंदण घ्यावं आणि जो हात कमी वापरता त्याच्यावर अंगठी घालावी. मशिनवर काम करताना तर अंगठी काढूनच ठेवा, अडकली तर बोटाला फार गंभीर इजा होते.

आणि रोजच्या वापरातला खडा निस्तेज झाला की लोकांना वाटतं तो खराब निघाला, बहुतेक वेळा तो फक्त मळलेला असतो. खड्याच्या मागच्या पैलूंवर प्रकाश आदळून आतल्या आत परततो म्हणून तो चमकतो. नीलमात हा प्रकाश मागच्या पैलूवर (पैलूवरच्या काटकोनी रेषेपासून मोजून) सुमारे 35 अंशांपेक्षा तिरका पडला की हवेत निसटत नाही, पण मागे तेलकट थर बसला की तेलात न शिरण्यासाठी त्याला सुमारे 57 अंश लागतात, म्हणजे मधला बराच प्रकाश त्या थरात शिरतो आणि तिथल्या मळात हरवतो. हँडक्रीम, साबण, मृत त्वचा सगळं अंगठीच्या मागच्या बाजूलाच साचतं, म्हणून क्रीम आधी आणि अंगठी नंतर. कोमट पाणी, सौम्य साबण, मऊ ब्रश, आणि ब्रश वरून नाही तर मागून फिरवायचा. पाचूच्या भेगांत बहुधा तेल भरलेलं असतं, ओपलमध्ये पाणी असतं, फिरोजा सच्छिद्र असतो आणि मोत्याचा थर अ‍ॅसिडने, अगदी परफ्यूमनेही खराब होतो, या चौघांना अल्ट्रासॉनिक मशीन (आवाजाच्या कंपनांनी दागिने साफ करणारं) आणि वाफेपासून लांबच ठेवा, मोत्यांना ओलसर मऊ फडक्याने पुसलं तरी पुरतं. जांभळा अ‍ॅमेथिस्ट आणि गुलाबी कुंझाइट मात्र खिडकीत उन्हात ठेवू नका, त्यांचा रंग उन्हाने फिका पडतो आणि तो धुऊन परत येत नाही.