एका तासाची सात वर्षं

'इंटरस्टेलर' पहिल्यांदा पाहून बाहेर पडलो तेव्हा माझी तक्रार रॉकेटबद्दल होती. माणसांसाठी नवा ग्रह शोधायला, मुलीला मागे ठेवून निघालेला अंतराळवीर कूपर आणि त्याच्या मंडळींना पृथ्वीवरून निघताना टप्प्याटप्प्यांचं भलंमोठं रॉकेट लागतं. पुढे मात्र ज्या ग्रहावर गुरुत्वाकर्षण पृथ्वीच्या 130 टक्के आहे, तिथून त्यांचं छोटं यान, रेंजर, स्वतःच्याच बळावर वर उडतं. सापडलं भोक! दुसऱ्यांदा पाहिला तो वही-पेन्सिल घेऊनच. तेव्हा लक्षात आलं की माझी तक्रार किरकोळ होती. खरी गोम एका आकड्यात आहे. तो आकडा पटकथेतली काही भोकं बुजवतो आणि बुजवता बुजवता दुसरी पाडतो.

2014 च्या या चित्रपटात गार्गँटुआ नावाच्या कृष्णविवराजवळ, म्हणजे ज्याच्या काठाच्या आतून प्रकाशही सुटत नाही अशा अतिजड वस्तूजवळ, मिलरचा ग्रह फिरतो. त्यावरचा एक तास म्हणजे पृथ्वीवरची सात वर्षं. सात वर्षांचे तास मोजले की ते 61,000 च्या थोडे वर भरतात. म्हणजे तिथलं घड्याळ आपल्यापेक्षा 61,000 पटींनी मंद.

हे ऐकून अनेक जण तिथेच हात झटकतात. पण मोठ्या वस्तुमानाजवळ वेळ संथ होते, यात कल्पित काही नाही. जीपीएसच्या उपग्रहांवरची घड्याळं जमिनीवरच्या घड्याळांपेक्षा दिवसाला 38 मायक्रोसेकंद पुढे जातात. ती दुरुस्ती आधीच करून ठेवलेली असते, म्हणून फोन आपल्याला योग्य गल्लीत नेतो. प्रश्न 'किती' एवढाच आहे. 38 मायक्रोसेकंद कुठे आणि सात वर्षं कुठे! स्वतःभोवती न फिरणारं कृष्णविवर घेतलं आणि ग्रहाला टिकून राहता येईल अशी सगळ्यात आतली कक्षा घेतली, तरी तिथल्या एका तासाचे बाहेर जेमतेम 1 तास 25 मिनिटं होतात. एवढ्यावर कुणाच्या डोळ्यांत पाणी येणार नाही.

दिग्दर्शक ख्रिस्तोफर नोलनला सात वर्षंच हवी होती. त्याचे वैज्ञानिक सल्लागार किप थॉर्न, ज्यांना पुढे 2017 मध्ये गुरुत्वीय लहरींसाठी नोबेल मिळालं, त्यांना आधी हे अशक्यच वाटलं. मग त्यांनी गणित मांडलं आणि वाट सापडली ती कृष्णविवराच्या गिरकीत. फिरणारं कृष्णविवर आजूबाजूचं अवकाशच आपल्याबरोबर ओढत नेतं. त्या ओढीच्या दिशेने फिरणाऱ्या ग्रहाला बरंच आत, जवळजवळ काठावर, स्थिर कक्षा मिळते. जितकी गिरकी जोरात, तितका ग्रह आत, तितकं घड्याळ मंद. सात वर्षांसाठी गार्गँटुआची गिरकी निसर्गात शक्य असलेल्या कमाल मर्यादेच्या इतकी जवळ लागते की उरलेला फरक कोटीच्या कोटीव्या भागाएवढा.

गणित नियमात बसतं. पण इथे एक गंमत आहे. आजूबाजूचा वायू गिळत वाढणाऱ्या कृष्णविवराची गिरकी कमाल मर्यादेच्या 0.998 पटीच्या आसपास अडते, असं 1974 मध्ये दाखवून दिलं होतं ते खुद्द थॉर्न यांनीच. मी 0.998 घालून हिशेब केला. तिथल्या एका तासाचे बाहेर साधारण अकरा तास होतात. अकरा तासांत कुणाची मुलगी म्हातारी होत नाही. तेव्हा गार्गँटुआ 'अशक्य' नाही, पण अशी गिरकी त्याला दिली कुणी, हे चित्रपट सांगत नाही.

लोकांची पुढची शंका असते की इतक्या जवळ जाऊन ग्रहाचे तुकडे कसे होत नाहीत, आणि शेवटी कृष्णविवराच्या आत पडणारा कूपर सुतासारखा ताणला कसा जात नाही? ही दोन्ही भोकं सहज बुजतात. काठावरची ताणाताण कृष्णविवराच्या वस्तुमानाच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात घटते. विवर जितकं मोठं, तितका त्याचा काठ मवाळ. गार्गँटुआ 10 कोटी सूर्यांच्या वजनाचा आहे. दहा सूर्यांच्या एखाद्या विवराशी तुलना केली तर गार्गँटुआच्या काठावरची ओढाताण काहीच नाही.

ग्रहाला मात्र ती जाणवते. तो थोडा अंडाकृती ताणला जातो आणि एकच बाजू कृष्णविवराकडे करून राहतो. मग पडद्यावर या ग्रहावरच्या गुडघाभर पाण्यात डोंगराएवढ्या लाटा येतात कुठून? थॉर्न यांचं उत्तर मला आवडलं. ग्रह अगदी स्थिर नसतो. पाळण्यासारखा थोडा इकडे, थोडा तिकडे डोलतो आणि त्याच्यावरचं पाणी हिंदकळतं. लाटा म्हणजे त्या डोलण्याची भरती. सगळं पाणी लाटांमध्ये गोळा झालेलं, म्हणून मधला भाग उथळ.

आता मिलर, म्हणजे ग्रहाची पाहणी करायला आधीच पाठवलेली अंतराळवीर. ती या ग्रहावर उतरली ते पृथ्वीच्या हिशेबाने साधारण दहा वर्षांपूर्वी, आणि तिचे 'सगळं ठीक' असे संकेत येतच राहिले, म्हणून तर हे लोक तिथे गेले. उतरल्यावर त्यांच्या डोक्यात प्रकाश पडतो की तिच्या घड्याळात ती नुकतीच उतरली होती. दहा वर्षांना सातने भागा. तिच्या खात्यावर जेमतेम 86 मिनिटं येतात. पहिल्या वेळी मला हा प्रसंग फार हुशारीचा वाटला होता. दुसऱ्या वेळी मी वैतागलो. एका तासाला सात वर्षं जातात हे यानातल्या प्रत्येकाला उतरण्याआधीच माहीत होतं, मग हा भागाकार कुणी का केला नाही? त्याहून मोठी पंचाईत संकेतांची आहे. घड्याळ मंद झालं की त्या घड्याळावर चालणारी रेडिओलहरही तितकीच ताणली जाते. मिलरने 100 मेगाहर्ट्झवर पाठवलेला संदेश बाहेर पोचेपर्यंत सुमारे 1.6 किलोहर्ट्झवर येईल, आणि तिचा एका मिनिटाचा संदेश ऐकायला बेचाळीस दिवसांहून जास्त लागतील. असा संकेत पकडणाऱ्याला तिथली वेळ मंद आहे हे पहिल्याच आठवड्यात कळायला हवं होतं. हे भोक भौतिकशास्त्राने पाडलेलं आहे आणि मला ते बुजवता आलेलं नाही.

रॉकेटकडे परत येतो. पृथ्वीभोवतीच्या कक्षेत जायला सेकंदाला सुमारे 8 किलोमीटर वेग लागतो. रेंजरचं इंधन पुढच्या प्रवासासाठी राखून ठेवायला पहिला धक्का मोठ्या रॉकेटने दिला, असं म्हणता येईल. मी तरी तसं म्हणून गप्प बसलो. कारण खरा आकडा पुढे आहे. मुख्य यान सुरक्षित अंतरावरच्या कक्षेत ठेवून रेंजरने मिलरच्या ग्रहावर जायचं, तर वेगात प्रकाशवेगाच्या तिसऱ्या हिश्श्याएवढा बदल करावा लागतो, म्हणजे सेकंदाला 1 लाख किलोमीटर. आपण आठ किलोमीटरवरून भांडत बसतो आणि लाख किलोमीटर समोरून निघून जातात! चित्रपटात यावर एकच वाक्य आहे, एका न्यूट्रॉन ताऱ्याला, म्हणजे मेलेल्या ताऱ्याच्या अतिघट्ट गाभ्याला, वळसा घालून वेग कमी करू, असं कूपर म्हणतो. पहिल्यांदा ते मी ऐकलंही नव्हतं. तत्त्व बरोबर आहे, पण एवढा वेग मारायला न्यूट्रॉन ताऱ्याच्या इतकं जवळ जावं लागेल की तोच यान फाडून टाकेल. थॉर्न यांना तिथे हजारो सूर्यांच्या वजनाचं दुसरं, मध्यम कृष्णविवर हवं होतं. एकाच चित्रपटात आणखी एक कृष्णविवर आलं तर प्रेक्षक गोंधळतील, म्हणून नोलनने तारा घेतला.

आणि ज्याबद्दल कुणी तक्रार करताना मी ऐकलेलं नाही, ते भोक आकाशात आहे. मिलरचा ग्रह गार्गँटुआभोवती एक फेरी 1.7 तासांत पूर्ण करतो, पण हे लांबून पाहणाऱ्याच्या घड्याळाने. त्याला 61,000 ने भागा. ग्रहावर उभ्या माणसाला ती फेरी एका सेकंदाच्या दहाव्या भागात झालेली दिसेल. सेकंदाला दहा वेळा आकाश गरागरा फिरायला हवं. पडद्यावर ते शांत आहे. बरं, वेळ मंद झाली की बाहेरून येणारा प्रकाश उलट तीव्र होतो. विश्वभर पसरलेलं पार्श्वभूमी प्रारण, ज्याचं तापमान निरपेक्ष शून्याच्या वर केवळ 2.7 अंश आहे, तेसुद्धा या ग्रहावर आकाशातल्या एका छोट्या ठिपक्यातून जहाल अतिनील किरणं होऊन कोसळेल. काही शास्त्रज्ञांनी हा हिशेब करून ग्रहाचं तापमान 900 अंश सेल्सिअसच्या आसपास काढलं. त्या तापमानाला अ‍ॅल्युमिनियम केव्हाच वितळलेलं असतं. लाटा असतीलही, पण पाण्याच्या नसतील.

एवढं टिपून झाल्यावर मी तो प्रसंग परत लावला, जिथे रेंजरच्या इंजिनातलं पाणी निथळेपर्यंत कूपर आणि त्याची सहकारी ब्रँड अडकून पडतात. तिथल्या प्रत्येक 1.4 सेकंदाला पृथ्वीवर एक अख्खा दिवस जातो. ते एकमेकांना दोष देत असतात आणि त्यांचं एक वाक्य संपेपर्यंत वर मुख्य यानात एकट्या थांबलेल्या त्यांच्या सहकाऱ्याचे, रोमिलीचे, तीन-चार दिवस उलटतात. ते परततात तेव्हा त्याच्या दाढीत पांढरे केस असतात आणि तो सांगतो, 23 वर्षं, 4 महिने, 8 दिवस. वहीच्या कोपऱ्यात सातने भागून पाहिलं. 3 तास 20 मिनिटं. उतरणं, लाट, निथळायची वाट, परतीचं उड्डाण, सगळं त्यात नीट बसतं.