डॅशबोर्डमधल्या त्या चौकोनाची पूर्वपीठिका

नवी गाडी घेऊन महिना झाला की तिच्यातला आवाज खटकायला लागतो. घरी भरदार वाटणारं गाणं गाडीत चपटं होतं. मग ॲक्सेसरीजच्या दुकानात विचारपूस सुरू होते आणि पहिल्या पाच मिनिटांत डेक, कपलर, फ्रेम, आरएमएस, डबल डिन असे शब्द अंगावर येतात. डेक म्हणजे डॅशबोर्डमधल्या चौकोनी खाचेत बसणारा रेडिओ-प्लेअर. यातला जवळपास प्रत्येक शब्द कुठल्यातरी जुन्या अडचणीतून आलेला आहे. ती अडचण कळली की पैसे कुठे घालायचे आणि कुठे हात आखडायचा, हे नवख्यालाही ठरवता येतं.

गाडीत रेडिओ बसवणं हे सुरुवातीपासून बाहेरच्यांचं काम. शिकागोच्या पॉल गॅल्विन यांनी १९३०च्या जूनमध्ये आपल्या गाडीत रेडिओ बसवला, गाडी अटलांटिक सिटीला नेली आणि तिथे रेडिओ उत्पादकांच्या संमेलनाला जमलेल्यांना तो ऐकवला. त्याचं नाव ठेवलं मोटोरोला. हे नाव इतकं रुजलं की १९४७मध्ये कंपनीनेही तेच घेतलं. जर्मनीत १९३२मध्ये ब्लाउपुंक्टचा ऑटोसुपर एएस ५ आला. किंमत ४६५ मार्क, वजन साधारण १५ किलो. एवढं धूड ड्रायव्हरसमोर मावणार कुठे? म्हणून पेटी दुसरीकडे ठेवून नियंत्रणं तेवढी स्टिअरिंगच्या दांड्यावर आणली होती.

खरी झटापट विजेशी होती. रेडिओच्या व्हॉल्व्हना, म्हणजे आतल्या काचेच्या नळ्यांना, शंभराहून जास्त व्होल्ट लागत, आणि त्या काळच्या बहुतेक गाड्यांची बॅटरी होती ६ व्होल्टची. आधी वेगळ्या बॅटऱ्या ठेवून भागवलं जाई. मग व्हायब्रेटर आला. त्याची थरथरणारी पट्टी बॅटरीचा एकदिश प्रवाह सतत जोडत-तोडत राही, आणि त्या तुटक प्रवाहाचा दाब ट्रान्सफॉर्मर वाढवी. दुसरी पीडा स्पार्क प्लगची. प्रत्येक ठिणगीबरोबर रेडिओत खरखर. ही पीडा अजून पुरती गेलेली नाही. आज एखाद्याच्या नव्या अँपमधून (आवाजाची शक्ती वाढवणाऱ्या ॲम्प्लिफायरमधून) इंजिनाच्या वेगाबरोबर चढणारी शिट्टी ऐकू येते, तेव्हा बहुतेक वेळा अर्थिंग कच्चं असतं किंवा सिग्नलची वायर पॉवरच्या वायरला चिकटून नेलेली असते.

१९५५मध्ये क्रायस्लर आणि फिल्को यांनी पूर्ण ट्रान्झिस्टरचा कार-रेडिओ जाहीर केला. व्हॉल्व्ह गेले, व्हायब्रेटर गेला, पेटी लहान झाली आणि डॅशबोर्डमध्ये सुखाने बसू लागली. पुढे जर्मन मानकाने त्या पेटीच्या खाचेचं माप बांधून दिलं. रुंदी सुमारे १८२ मिलिमीटर, उंची ५३. हेच ते 'डिन'. १९८०च्या दशकात ते आंतरराष्ट्रीय मानक झालं. जपानी गाड्यांमध्ये सुमारे १०० मिलिमीटर उंचीची खाच रूढ झाली, तिला आपण डबल डिन म्हणतो. नंतर मागच्या कपलरचंही, म्हणजे वायरी जोडणाऱ्या प्लगचंही, मानक ठरलं.

मला या साऱ्या इतिहासात हे साधं माप सर्वांत मोलाचं वाटतं. एका कंपनीची गाडी आणि दुसऱ्या कंपनीचा डेक यांचं लग्न त्यामुळे लागू शकलं. पिवळी वायर थेट बॅटरीची, लाल चावी फिरवल्यावर जिवंत होणारी, काळी अर्थची. पांढरी आणि करडी पुढच्या स्पीकरची, हिरवी आणि जांभळी मागच्यांची. एवढं पाठ असलं की होतकरू मुलगा शनिवारच्या दुपारी घरीच डेक बदलू शकत असे. कॅसेट आली, १९८४च्या सुमारास सीडी आली, पेनड्राइव्ह आला. आतलं बदललं, चौकोन तोच राहिला.

आपल्याकडे हा काळ जरा उशिरा आला, पण दीर्घ चालला. १९८०च्या दशकाच्या मध्यापर्यंत साध्या रेडिओलाही परवाना लागे, त्याची फी पोस्टात भरावी लागे. कुर्ल्याच्या कारखान्यातून निघणारी प्रीमियर पद्मिनी असो की १९८३च्या डिसेंबरात आलेली मारुती ८००, डेक मालकाने बाहेरून बसवायचा हेच गृहीत होतं. मुंबईत त्यासाठी लॅमिंग्टन रोड आणि मनीष मार्केटच्या फेऱ्या व्हायच्या. मागच्या काचेखालच्या ट्रेवर ६ बाय ९चे अंडाकृती स्पीकर ही तर प्रतिष्ठेची खूण. ती सवय आजही सुटलेली नाही, आणि माझ्या मते आपल्याकडे सर्वांत जास्त पैसे इथेच वाया जातात. गाणारा आपल्या समोर असायला हवा. मानेमागून येणारा मोठा आवाज चार दिवस सुखावतो, मग थकवतो.

वॅटच्या आकड्यांचाही खुलासा करायला हवा. घरच्या स्पीकरचा रोध सहसा ८ ओहम असतो, गाडीतल्यांचा ४. कारण बॅटरीचा दाब तुटपुंजा, म्हणून रोध कमी ठेवून जास्त शक्ती काढायची. इंजिन चालू असताना वायरिंगमध्ये मिळतात साधारण १४.४ व्होल्ट. एवढ्यावर ४ ओहममध्ये स्वच्छ आवाजाची शक्ती गणिताने २६ वॅटच्या आत भरते. प्रत्यक्षात वीसच्या आसपास. मग खोक्यावर '५० वॅट गुणिले ४' कसं छापतात? लाट पार चौकोनी होईपर्यंत आवाज फाटू दिला तर तेच गणित ५२ वॅट देतं. म्हणून २००३मध्ये अमेरिकी उत्पादकांच्या संघटनेने मानक आणलं: १४.४ व्होल्ट, ४ ओहम, आणि विकृती एक टक्क्याच्या आत. दुकानात फक्त आरएमएस (आवाज न फाटता सतत मिळणाऱ्या वॅटचा आकडा) विचारायचा, तो यासाठी.

याहून जास्त शक्ती हवी तर वेगळा अँप लागतो. त्याच्या पोटात बॅटरीचा दाब वाढवणारं सर्किट असतं. व्हायब्रेटरचंच काम, फक्त हलणारी पट्टी नाही. त्यासाठी ते बॅटरीतून भरपूर प्रवाह ओढतं. अँपला बॅटरीपासून जाड वायर आणि बॅटरीजवळच फ्यूज का लागतो, हे त्यावरून समजेल.

चौकोनाची गोष्ट मात्र संपत आली आहे. गाडीतल्या संगणकांना एकाच तारेच्या जोडीवर बोलू देणारी कॅन ही पद्धत बॉशने १९८६मध्ये मांडली, १९९१च्या मर्सिडीज एस-क्लासमध्ये ती धावू लागली. २०१४मध्ये फोन गाडीच्या पडद्यावर आणणारे ॲपल कारप्ले आणि अँड्रॉइड ऑटो जाहीर झाले. आज आपल्याकडच्या कितीतरी गाड्यांत तोच पडदा मागचा कॅमेरा दाखवतो, स्टिअरिंगवरची बटणं ऐकतो, कधी एसीही सांभाळतो. तो उपटायचा म्हणजे हे सगळं पुन्हा जुळवणं आलं. वायर कापली तर वॉरंटीचा वाद निघू शकतो, तो वेगळाच.

म्हणून जुना क्रम उलटा करावा लागतो. पूर्वी आधी डेक बदलत. आता सर्वांत साध्या (बेस) मॉडेलमध्ये डेकच नसेल तर गोष्ट निराळी, एरवी कंपनीचा पडदा जागेवर राहू द्यावा आणि पुढच्या दारांतल्या स्पीकरपासून सुरुवात करावी. तेही गाडीला जुळणारा कपलर घेऊन, वायर न कापता. पुढे अँप घेतलाच तर स्पीकरच्या वायरीतूनच सिग्नल घेणारा, म्हणजे हाय-लेव्हल इनपुटचा घ्यावा. एक अडचण तरी उरते: कंपन्या हलक्या स्पीकरला झेपावं म्हणून अनेकदा मोठ्या आवाजाला बेस, म्हणजे खालचे घुमणारे सूर, मुद्दाम कमी करतात. मग डीएसपी, म्हणजे सिग्नलवर प्रक्रिया करणारं यंत्र, लावून तो सिग्नल सरळ करून घ्यावा लागतो.

पण त्याआधी दाराचं पॅनेल उघडून पाहा. स्पीकरभोवती पातळ पत्रा आणि हात जाईल एवढी भोकं दिसतील. स्पीकरच्या मागची हवा त्या भोकांतून पुढे येते आणि पुढच्या हवेला मारते, बेस तिथेच विरतो. ती भोकं बुजवून पत्र्यावर त्याची थरथर शोषणारी डॅम्पिंग शीट रोलरने नीट दाबून बसवायला दोन्ही दारांची मिळून एक सकाळ जाते.