तंत्रिका-सांगाड्याचे फॉस्फोरिलीकरण

तंत्रिका कोशिकेच्या संरचनात्मक प्रथिनांवर कायनेज वर्गातील एंझाइमांनी फॉस्फेट गट बसवण्याची प्रक्रिया. ते काढून घेण्याचे काम फॉस्फॅटेज एंझाइमे करतात. ट्यूब्युलिन (सूक्ष्मनलिकांचे प्रथिन), टाऊ व मॅप-२ (त्या नलिकांना चिकटणारी प्रथिने) आणि न्यूरोफिलामेंट (आधार देणारे तंतू) ही मुख्य लक्ष्ये. न्यूरोफिलामेंटच्या जड व मध्यम उपघटकांच्या शेपटीत लायसीन-सेरीन-प्रोलीन हा क्रम वारंवार येतो. तेथील सेरीनवर सीडीके-५, ईआरके इत्यादी कायनेज काम करतात. निरोगी कोशिकेत हे मुख्यतः अक्षतंतूत (संदेश वाहून नेणाऱ्या लांब शेपटीत) घडते, कोशिकाकायेत (मुख्य धडात) फारसे नाही.

महाराष्ट्र-कर्नाटक सीमाभागात हा विषय महत्त्वाचा ठरतो तो ऑर्गॅनोफॉस्फरसजन्य विलंबित तंत्रिकाविकृतीमुळे, म्हणजे काही कीटकनाशके ज्यात मोडतात त्या फॉस्फरसयुक्त विषांच्या बाधेनंतर काही आठवड्यांनी होणाऱ्या तंत्रिकांच्या बिघाडामुळे. १९३० मध्ये अमेरिकेत भेसळयुक्त आल्याच्या अर्कामुळे आणि १९८८ मध्ये कोलकात्याच्या बेहाला भागात भेसळीच्या तेलामुळे तिची साथ आली होती. तिच्या मुळाबद्दल दोन मते आहेत. विषशास्त्रज्ञ मार्टिन जॉन्सन यांच्या १९६९ च्या सुमाराच्या कामातून पुढे आलेल्या मतानुसार विष एनटीई (न्यूरोपॅथी टार्गेट एस्टरेज) या तंत्रिकांतील एंझाइमाला निकामी करते. साधारण ७० टक्क्यांहून अधिक एनटीई कायमचे जायबंदी झाले की विकृती उद्भवते. विषशास्त्रज्ञ मोहम्मद अबू-डोनिया यांनी मात्र कॅल्शियम-कॅल्मोड्युलिनवर चालणाऱ्या कायनेज-२ वर भर दिला: विष दिलेल्या कोंबड्यांत हे एंझाइम अतिसक्रिय होते, ट्यूब्युलिन व न्यूरोफिलामेंटवर फॉस्फेट वाढतो आणि तंतूंचे पुंजके साचतात. तथापि पीएमएसएफ हे एस्टरेज रोखणारे द्रव्य विषाच्या आधी दिल्यास ते एनटीई अडवून धरते, पण त्याचा कायमचा बिघाड करत नाही, आणि कोंबडी बचावते. कायनेज हेच पहिले लक्ष्य मानल्यास याचा उलगडा होणे कठीण. त्यामुळे प्रारंभ एनटीईपासून व सांगाड्याची पडझड पुढच्या टप्प्यात, हा क्रम अधिक ग्राह्य वाटतो.

खानापूर ते निपाणी पट्ट्यात उसाच्या हुमणी-वाळवीसाठी आणलेले क्लोरपायरिफॉस हे ऑर्गॅनोफॉस्फरस कीटकनाशक घरात हाताशी असते. ‘औषध प्यालेला’ माणूस उतारा म्हणून दिलेल्या अ‍ॅट्रोपीनने वाचून घरी येतो. साधारण एक ते तीन आठवड्यांनी पोटऱ्यांत गोळे येतात, तळव्यांना मुंग्या येतात, पाऊल लोंबते, चालताना चप्पल निसटते. सर्वांत लांब अक्षतंतू आधी बाधतात, म्हणून सुरुवात पायांपासून. अ‍ॅट्रोपीन वा प्रॅलिडॉक्झिम या दुसऱ्या उताऱ्याने हे टळत नाही. घरी सोडतानाच नातेवाइकांना तसे स्पष्ट सांगायला हवे. पुढे संवेदना बऱ्याचदा परततात; मज्जारज्जूतील मार्ग बाधले असल्यास पायांचा ताठरपणा मात्र राहू शकतो.