लाल मेपल म्हणून आणलेली अंबाडी

चार वर्षांपूर्वी पाचगणीच्या रस्त्यावरच्या एका रोपवाटिकेतून मी एक रोप आणलं. हातभर उंची, पिकल्या जांभळासारखी गडद पानं आणि प्रत्येक पानाला पंजासारखी बोटं. विकणाऱ्यानं ‘जपानी लाल मेपल’ असं नाव सांगितलं आणि मी ते मान्य केलं. आमच्या साताऱ्याच्या गच्चीवर ते दोन महिन्यांत कमरेएवढं झालं. याचंच खरं तर नवल वाटायला हवं होतं, पण मला नुसता आनंद झाला. मग वाईहून आत्या आली. तिनं एक कोवळं पान तोडून दाताखाली धरलं आणि म्हणाली, “अगं, ही तर अंबाडी! आंबट बघ किती.”

आत्या अगदी बरोबर होती. ते रोप हिबिस्कस ॲसिटोसेलाचं होतं. आपल्या भाजीच्या अंबाडीची आणि जास्वंदीची ही आफ्रिकेतली बहीण. तिच्या लाल पानांच्या जाती जगभर शोभेसाठी लावतात आणि मेपलशी तिची गफलतही जगभर होते. आपल्याकडे तर ती पटकन होते, कारण खरं मेपल आपण बहुतेकांनी फक्त चित्रात पाहिलेलं असतं.

खरं जपानी मेपल म्हणजे ॲसर पाल्मेटम. जपान आणि कोरियाच्या डोंगरांतलं हे पानगळीचं झाड. थुनबर्ग या स्वीडिश वनस्पतिशास्त्रज्ञानं १७८४ मध्ये त्याला हे नाव दिलं. पाल्मेटम म्हणजे तळहातासारखं. जपानी लोकांना त्या पानात बेडकाचा हात दिसला. मेपलसाठीचा त्यांचा ‘काएदे’ हा शब्द ‘बेडकाचा हात’ या अर्थाच्या जुन्या शब्दावरून आला आहे. आपल्या अंगणातला बेडूक आठवला की ही उपमा लगेच पटते.

आता ओळखायचं कसं? पानाच्या आकारावर अजिबात जाऊ नका. आधी पेर पाहा, म्हणजे फांदीवर पान जिथून फुटतं ती गाठ. मेपलची पानं फांदीवर समोरासमोर, जोडीनं येतात, तुळशीसारखी किंवा पेरूसारखी. अंबाडीची पानं एकाआड एक येतात, जास्वंदीसारखी आणि भेंडीसारखी. रोप बोटभर असो की पुरुषभर, हा फरक लपत नाही. पानंच नसतील तर डोळे पाहा, म्हणजे पुढची पालवी जिथून फुटते ते फांदीवरचे कोंब. तेही तसेच, मेपलचे जोडीनं आणि अंबाडीचे एकेक.

पानाच्या आकारानं फसायला होतं त्याचं आणखी एक कारण आहे, आणि मला तेच सगळ्यात मोहक वाटतं. जपानी मेपलच्या एक हजाराहून अधिक जाती लोकांनी निवडून जपल्या आहेत आणि त्यांतल्या कितीतरी मुळी मेपलसारख्या दिसतच नाहीत. ‘शिशिगाशिरा’ म्हणजे सिंहाचं डोकं. तिची पानं चुरमडलेली, आखडलेली असतात आणि फांदीच्या टोकाला दाट गुच्छ करतात. ‘कोतो-नो-इतो’ म्हणजे कोतो या वाद्याच्या तारा. तिच्या पानाला पंजा राहतच नाही, नुसते दोरे. ‘उकिगुमो’ म्हणजे तरंगते ढग. हिरव्या पानावर कुणी पांढरा रंग शिंपडावा तशी ती दिसते. ‘सांगो-काकू’चं पान साधं हिरवं, पण थंडीत पानं झडली की कोवळ्या फांद्या पोवळ्यासारख्या लाल होतात. ‘ओसाकाझुकी’ उन्हाळाभर हिरवीगार राहते आणि पानगळीच्या तोंडावर पेटल्यासारखी होते. म्हणजे ‘लाल ते मेपल’ ही खूणही गेली. या सगळ्या तऱ्हांमध्ये टिकणारी गोष्ट एकच, समोरासमोरची पानं.

बाकीच्या खुणा भराभर सांगते. अंबाडीचा देठ मोडला की भेंडीसारखा चिकटपणा लागतो आणि जून खोडाची साल ओढली की वाखाच्या दोऱ्या निघतात. फूल आलं तर प्रश्नच मिटला. अंबाडीचं फूल सरळ जास्वंदीचं, गुलाबी-लालसर. मेपलचं फूल इतकं बारीक की लक्षही जात नाही. त्यानंतर येतं ते दोन पंखांचं फळ, जे भिरभिरत खाली येतं. चव मात्र आत्यासारखी पाहू नका. रोपवाटिकेत काय फवारलेलं असेल सांगता येत नाही.

नावाची गफलत झाली तर एवढं काय बिघडलं, असं कुणी म्हणेल. बिघडतं, कारण दोघींना हवं असतं ते अगदी उलटं. अंबाडीला ऊन आणि ऊब हवी, कडक गारठ्यात ती मरते. मेपलला थंडी हवी, आणि ती शाल पांघरण्यापुरती नव्हे. त्याची पानं झडावीत, डोळे कित्येक आठवडे गाढ झोपावेत आणि मगच वसंतात फुटावेत, असं त्याचं वर्ष बांधलेलं असतं. ती झोप मिळाली नाही की डोळे वेडेवाकडे, आगेमागे फुटतात. झाड लगेच मरत नाही. दोन-तीन वर्षं झिजत जातं आणि आपण खताला दोष देत बसतो.

तासगावकडचे लोक इथं द्राक्षाचं उदाहरण देतात. द्राक्षही मूळचं थंडीत झोपणारं, पण सांगलीच्या बागायतदारांनी त्याला एप्रिलची खरड छाटणी आणि ऑक्टोबरची फळछाटणी अशा दोन छाटण्यांवर चालवलं. डोळे एकसारखे फुटावेत म्हणून ते हायड्रोजन सायनामाइड लावतात. वेल त्याला राजी झाला. मेपल होत नाही. त्याची पानं हातानं उतरवली तर तो पुन्हा फुटतो खरा, पण तो साठवलेल्या ताकदीवर. झोपेची भरपाई त्यानं होत नाही.

दुसरं उदाहरण महाबळेश्वरच्या स्ट्रॉबेरीचं. स्ट्रॉबेरी येते तर मेपल का नाही? स्ट्रॉबेरी तिथं दरवर्षी नव्यानं लावतात आणि काही महिन्यांत पीक घेऊन मोकळे होतात. मेपलला तिथंच पन्नास वर्षं काढायची असतात. तरीही साताऱ्याच्या पट्ट्यात कुठं करून पाहायचं असेल तर ते महाबळेश्वर-पाचगणीच्या माथ्यावरच, असं माझं मत आहे. वेण्णा तलाव आणि लिंगमळ्याच्या बाजूला हिवाळ्यात दव गोठतं, आणि तिथली तांबडी जांभ्याची माती आम्लधर्मी असते. मेपलला ती मानवते. सांगलीची काळी माती चिकट, पाणी धरून ठेवणारी आणि बहुधा अल्कधर्मी, म्हणजे नेमकी नको तशी. महाबळेश्वरचा पाऊस हा मात्र मोठा शत्रू आहे. पाच हजार मिलिमीटरच्या वर पाणी पडतं, मुळं कुजतात. कुंडी असेल तर पावसाळाभर छपराखाली घ्यायची.

साताऱ्यात मार्च ते मे हा काळ सगळ्यात कठीण. कोरडा गरम वारा सुटला की मेपलच्या पानांच्या कडा करपतात, आणि दोऱ्यासारख्या, जाळीदार पानांच्या जाती सगळ्यात आधी. सकाळचं कोवळं ऊन, नंतर सावली, वाऱ्याला आडोसा आणि शक्य असेल तर साठवलेलं पावसाचं पाणी. बोअरच्या क्षारांनीही कडा जळतात. सावली फार झाली तर लाल जातीची पानं हिरवट पडतात. इथं मात्र अंबाडी आणि मेपल अगदी सारख्या वागतात.

बोन्सायमध्ये तर हा पेराचा फरक सगळं ठरवतो. मेपलचा शेंडा खुडला की खालच्या जोडीतले दोन्ही डोळे फुटतात, एका फांदीच्या दोन होतात. पुन्हा खुडलं की चार. म्हणून जुन्या मेपल बोन्सायच्या फांद्या हिवाळ्यात बारीक जाळीसारख्या दिसतात. ‘कियोहिमे’सारखी मुळातच बुटकी, आडवी पसरणारी जात त्यासाठी फार आवडती, आणि खडबडीत सालीची ‘आराकावा’ लहानपणीच म्हातारी दिसते. अंबाडीचं खोड मऊ राहतं आणि पानं हव्या तेवढ्या लहान होत नाहीत. दोन-तीन वर्षांत झाडच थकतं. तिचं बोन्साय करू नका, तिला मोठ्या कुंडीत मोकळी वाढू द्या.

एक गोष्ट खऱ्या मेपलच्या खरेदीतही फसवते. नामांकित जाती बियांपासून तशाच येत नाहीत, त्यांचं कलम करतात, साध्या हिरव्या मेपलच्या रोपावर. कलमाच्या खालून फुटवा आला आणि आपण तो ठेवला, तर काही वर्षांत तो वरच्या जातीला दाबून टाकतो आणि ‘लाल झाड हिरवं झालं’ अशी तक्रार होते. तो फुटवा दिसताक्षणी काढायचा. बोन्सायमध्ये कलमाची गाठ आयुष्यभर डोळ्यांत खुपते, म्हणून तिथं गुटी बांधून, म्हणजे फांदीला झाडावरच मुळं फोडून, केलेलं रोप जास्त चांगलं. निळ्या मेपलचं बी विकायला दिसलं तर पुढं चला. निळं मेपल जगात कुठंच नाही.

अंबाडी माझ्या गच्चीवर अजून आहे. मूळ झाड गेलं, पण त्याच्या फांद्या पाण्याच्या पेल्यात सहज मुळं धरतात, त्यातलीच ही तिसरी पिढी. कोवळी पानं आत्या आली की तुरीच्या डाळीत पडतात.

मेपल घ्यायचंच असेल तर डिसेंबर-जानेवारीत घ्या, हिमाचल किंवा उत्तराखंडाकडून मागवणार असलात तरी तेव्हाच. त्या दिवसांत साताऱ्यात कुणी लालभडक पानांनी भरलेलं ‘मेपल’ दाखवलं तर आधी त्याची पेरं पाहा. खरं मेपल थंड मुलखातून तेव्हा नुसत्या काडीच्या रूपात येईल, आणि त्या काडीवर समोरासमोर दोन-दोन डोळे असतील.