मतभेद कोणता, खोटी शिकवण कोणती?

काही ख्रिस्ती मंडळ्यांत (चर्चमध्ये) बाप्तिस्मा पाण्यात बुडवून देतात, काहींत पाणी शिंपडून. ख्रिस्ती बाईने मंगळसूत्र घालावं की नाही, यावरही वाद होतात. एवढ्यावरून समोरच्याला ‘खोटा शिक्षक’ ठरवून मोकळे होणारे पुष्कळ. आणि ‘एवढं दान बी म्हणून पेरा, आजार जाईल’ असं सांगणारा व्हिडिओ मात्र तीच माणसं ‘आमेन’ लिहून पुढे पाठवतात.

मला यातला फरक पॉलिकार्पमुळे कळला. हा दुसऱ्या शतकातला स्मुर्णाचा, म्हणजे आजच्या तुर्कस्तानातल्या इझ्मिरचा, बिशप. इ.स. १५५ च्या सुमारास, उतारवयात, तो रोमला गेला. तिथला बिशप अनिसेटस आणि तो यांचं पुनरुत्थानाच्या सणावरून, म्हणजे ईस्टरवरून, जमेना. आशिया या रोमी प्रांतातल्या (आजच्या पश्चिम तुर्कस्तानातल्या) मंडळ्या यहुदी निसान महिन्याची १४ तारीख धरत, मग वार कोणताही असो. रोमला रविवारच हवा. पॉलिकार्प म्हणे, आम्ही प्रभूचा शिष्य योहान याच्याबरोबर असंच पाळलंय. अनिसेटस म्हणे, माझ्या आधीच्या वडीलधाऱ्यांची रीत मी मोडणार नाही. कुणीच हटलं नाही. तरीही अनिसेटसने आपल्या मंडळीत प्रभुभोजनाचा (भाकर आणि द्राक्षारसाचा) विधी चालवण्याचा मान पाहुण्याला दिला, आणि दोघे सलोख्याने निरोप घेऊन निघाले.

आता मार्सियन. काळ्या समुद्राकाठच्या सिनोपेचा, जहाजं बाळगून असलेला माणूस. जग घडवणारा जुन्या कराराचा देव वेगळा आणि येशूचा पिता वेगळा, अशी त्याची शिकवण. साहजिकच जुना करार त्याने अख्खा टाकून दिला. लूकचं शुभवर्तमान आणि प्रेषित पौलाची दहा पत्रं ठेवली, तीही कात्री लावून. इ.स. १४४ मध्ये रोमच्या मंडळीने त्याला बाहेर काढलं आणि त्याने दिलेली दोन लाख सेस्टर्सची (रोमी नाण्यांची) देणगीही परत केली. (ही गोष्ट मला फार आवडते. शिकवण नाकारायची आणि पैसे ठेवून घ्यायचे, हे त्यांना जमलं नाही.) हा मार्सियन एकदा पॉलिकार्पला भेटला. ‘आम्हाला ओळखता ना?’ त्यावर म्हातारा म्हणाला, ‘ओळखतो तर! सैतानाचा थोरला मुलगा!’

अनिसेटसशी वाद होता तो सण कधी पाळायचा याचा. येशू मेला आणि उठला, हे दोघांनाही मान्य होतं. मार्सियनने देव कोण हेच बदललं होतं.

पण दरवेळी इतकं सरळ नसतं. पौलाने आपला सहकारी तीमथ्य याची सुंता करवली, कारण त्या भागातल्या यहूद्यांमध्ये त्याला बरोबर घेऊन फिरायचं होतं. तीत या दुसऱ्या सहकाऱ्याच्या बाबतीत मात्र तो क्षणभरही नमला नाही. कृती तीच, पण इथे काही जण सुंतेला तारणाची अट करू पाहत होते. म्हणजे बुडवून बाप्तिस्मा घेण्याचा आग्रह हा मतभेद. ‘बुडवून घेतला नाहीस तर ख्रिस्ताचं मरण तुझ्या कामाचं नाही’ म्हटलं, की पौलाने गलतीकरांना (गलतीया भागातल्या मंडळ्यांना) ज्याबद्दल खडसावलं तेच सुरू झालं.

पुढे इ.स. १९० च्या सुमारास रोमचा बिशप व्हिक्टर त्याच तारखेवरून आशियातल्या मंडळ्यांना तोडायला निघाला. त्याला अडवणाऱ्यांत लियोंचा (आजच्या फ्रान्समधल्या) बिशप इरेनियस होता, ज्याने लहानपणी पॉलिकार्पला ऐकलं होतं. माणूस मवाळ नव्हे. पाखंडी मतांविरुद्ध त्याने पाच खंड लिहिलेत. त्याने व्हिक्टरला पत्र लिहिलं आणि त्यात अनिसेटसने पाहुण्याला दिलेल्या मानाची आठवण करून दिली.